बेसबॉल येत नसताना बेसबॉलची कादंबरी मुलांसोबत कशी वाचायची

मागच्या वर्षी मार्चमध्ये माझी लेक लायब्ररीतून एक जाडजूड कादंबरी घेऊन आली. सतत हरणाऱ्या एका बेसबॉल टीमची गोष्ट, दहा-बारा वर्षांची पोरं, मैदानात गवत वाढलेलं, कोच बिचारा ऑफिसमधून धावत येणारा. म्हणाली आई तू पण वाच माझ्याबरोबर. आम्ही न्यू जर्सीत नवीन होतो, घरात क्रिकेट सोडून दुसरा खेळ कधी कुणी बघितला नव्हता. पहिली तीस पानं मस्त गेली आणि मग पहिल्या मॅचचं प्रकरण आलं. बेसेस लोडेड, टू आऊट्स, फुल काऊंट. लेकीचा श्वास अडकलेला आणि मला कळतच नव्हतं की नक्की काय पणाला लागलंय.

तेव्हापासून आम्ही अशी पाच-सहा पुस्तकं वाचली. आपल्याकडच्या बऱ्याच पालकांचं घोडं इथंच अडतं, गोष्ट आवडते पण मॅचची पानं उलटून पुढे जातात, आणि पोरांचं काय बदललं ते तर त्याच पानांत असतं. म्हणून मी जे करत गेले ते क्रमाने लिहितेय. नुकतेच अमेरिकेत आला असाल किंवा पुण्या-नाशिकात बसून मुलांना इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवत असाल, दोघांनाही चालेल.

पायरी १: पुस्तक मुलांनाच निवडू द्या

इथल्या लायब्ररीत ही पुस्तकं मिडल ग्रेड नावाच्या सेक्शनमध्ये असतात, म्हणजे साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. लायब्ररी कार्ड गावात राहणाऱ्यांना फुकट मिळतं आणि बऱ्याच लायब्रऱ्यांची ई-पुस्तकं आणि ऑडिओबुक्स लिबी ॲपवर मिळतात. तुम्ही फक्त एकच करा, मधलं एखादं मॅचचं पान उघडून बघा. तिथे प्रत्येक बॉलचं वर्णन आहे का, का दोन ओळीत स्कोअर सांगून मोकळे झालेत? पहिल्यांदा वाचत असाल तर सविस्तर वर्णनवालंच घ्या. उलटं वाटेल, पण थोडक्यात सांगणारी पुस्तकं लेखकाने हे गृहीत धरून लिहिलेली असतात की वाचणाऱ्याला खेळ येतो, आणि सविस्तरवाली तुम्हाला हात धरून शिकवतात.

पुस्तक कुठल्या साली आलंय तेही बघून ठेवा, त्याचं कारण खाली येईल.

पायरी २: लिटल लीग म्हणजे काय ते आधी समजून घ्या

यातल्या बहुतेक गोष्टी लिटल लीगच्या किंवा तिच्यासारख्याच गावच्या लीगच्या असतात. ही शाळेची टीम नसते. गावातली लीग असते, आईबाबाच कोच असतात, फुकट काम करतात, आणि टीमच्या शर्टावर गावातल्या एखाद्या दुकानाचं नाव असतं. म्हणून गोष्टीत टीमचा स्पॉन्सर पिझ्झावाला किंवा प्लंबर असला तर तो विनोद नाहीये, खरंच तसं असतं, आणि पहिल्या दिवसापासून असतं. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने १९३९ साली ही लीग चालू केली तेव्हा तीनच टीम होत्या, लंडी लंबर, लायकमिंग डेअरी आणि जंबो प्रेट्झल. एक लाकडाची वखार, एक दुधाची डेअरी आणि एक प्रेट्झलवाला!

आणि हे ऐका. ६ जून १९३९ ला पहिली मॅच झाली, त्यात लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला २३-८ असं धुतलं. तेवीस रन! मग त्याच डेअरीच्या पोरांनी सीझनचा पहिला अर्धा भाग जिंकला, शेवटी तीन मॅचच्या सिरीजमध्ये परत लंडी लंबरच समोर आली, आणि निर्णायक मॅच डेअरीने ३-२ ने घेतली. हरणारी टीम उभी राहते ही गोष्ट लीगच्या पहिल्याच वर्षी खरोखर मैदानावर घडून गेली होती. मी लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने त्या २३-८ चं चिठोरं पुस्तकात खूण म्हणून ठेवलं, अजून आहे.

सीझन साधारण एप्रिल ते जून. आधी ट्रायआऊट, म्हणजे निवड चाचणी होते, मग कोच लोक बसून मुलं वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. शेवटी कुणी उचललं नाही म्हणून एकाच टीममध्ये आलेली पोरं, अशी सुरुवात पुष्कळ पुस्तकांत सापडेल, त्यामुळे ड्राफ्ट हा शब्द आला की तिथे थांबून मुलांना विचारा की याला शेवटी घेतलं हे त्याला कळलं असेल का.

पायरी ३: कागदावर मैदान काढा

हे अजिबात टाळू नका, दहा मिनिटं लागतात. एक चौकोन काढून कोपऱ्यावर उभा करा, पतंगासारखा. खालचं टोक होम प्लेट, तिथे बॅटर उभा राहतो, उजवीकडे फर्स्ट बेस, वर सेकंड, डावीकडे थर्ड. लिटल लीगमध्ये एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंत ६० फूट, म्हणजे क्रिकेटमध्ये एक रन काढायला जेवढं पळतो जवळजवळ तेवढंच. पण इथे चारही बाजू पळून घरी आलात की मग एक रन! पिचर ४६ फुटांवरून फेकतो, आणि आपलं क्रिकेटचं पिच ६६ फुटांचं असतं, म्हणजे बॉल किती जवळून येतो बघा. बॉलचं वजन साधारण १४५ ग्रॅम, आपल्या सीझन बॉलपेक्षा जरासाच हलका. आणि टप्पा नाही. प्रत्येक बॉल फुलटॉस, शरीराच्या बाजूने सणसणत जाणारा, पायाला पॅड नाही, फक्त डोक्यावर हेल्मेट.

हे आकडे मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टीत एक पोर हमखास असतं जे बॉलला घाबरतं. बॉल यायच्या आधीच त्याचा पाय मागे सरकतो, आपल्याकडे नाही का काही मुलं फास्ट बॉलर आला की लेगला पळतात, तसंच. कागदावर ४६ फूट लिहा आणि जमलं तर बाहेर पार्किंगमध्ये मोजून उभे राहा, मुलांना ते पोर भित्रं वाटायचं बंद होतं.

पायरी ४: एवढंच शिका, बाकी सोडून द्या

स्ट्राइक झोन म्हणजे प्लेटच्या वरची हवेतली एक खिडकी, लिटल लीगमध्ये बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत. बॉल त्यातून गेला आणि मारला नाही तर स्ट्राइक, बॅट फिरवली आणि लागला नाही तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की आऊट. खिडकीच्या बाहेरून गेला आणि बॅट फिरवली नाही तर बॉल, असे चार बॉल झाले की फुकटात फर्स्ट बेस, त्याला वॉक म्हणतात. फुल काऊंट म्हणजे तीन बॉल दोन स्ट्राइक, आता पुढचा चेंडू बहुतेक निकाल लावणार.

बहुतेक म्हटलं कारण मध्ये फाऊल येतो. बेसबॉलमध्ये फक्त समोरच्या काटकोनात मारायचं असतं, आपला लेट कट नाही नि ग्लान्स नाही, ते सगळं फाऊल. फाऊल स्ट्राइक धरला जातो पण दोन स्ट्राइक झाल्यावर नाही (बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता नुसती आडवी धरून बॉल हलकेच टोलवताना फाऊल गेला तर मात्र आऊट), त्यामुळे दोन स्ट्राइकवर उभं असलेलं पोर एकामागून एक फाऊल मारत तग धरू शकतं. लेखक एकाच बॅटिंगवर चार-चार पानं का लिहितात असं मला वाटायचं, त्याचं उत्तर हे. ज्या पोराला मारता येत नाही त्याच्याकडे निदान चिवटपणा असू शकतो आणि नियम त्याला तेवढी जागा देतो.

वॉकवर जरा जास्त वेळ द्या. आपल्याला वाटतं टीम हरते म्हणजे समोरचे धू धू धुतात. या वयात तसं कमी होतं. पिचरला खिडकीत बॉल टाकता येत नाही, एक वॉक, दुसरा वॉक, तिसरा वॉक, तिन्ही बेस भरले की झालं बेसेस लोडेड, आता चौथा वॉक दिला की सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि कुणी बॅटही न लावता रन मिळतो. मैदानात पिचर आणि बॅटरच्या मागे बसणारा कॅचर सोडून बाकीची सात मुलं नुसती उभी, कुणाला बॉल हातात घ्यायलाही मिळत नाही. हरण्याची ही तऱ्हा डोळ्यासमोर आली की मग पिचरला भेटायला कोच डगआऊटमधून (टीम बसते ती जागा) चालत निघतो ते वाक्य किती जड आहे ते कळतं.

पळणाऱ्याला आऊट कसं करतात त्यात गोंधळ होतो. मागून बॅटर येतोय म्हणून पुढच्याला पळावंच लागणार असेल तर फिल्डरने बॉल हातात घेऊन नुसता बेसवर पाय ठेवला तरी पुरे, हे आपल्या रनआऊटसारखं. तशी सक्ती नसेल तर बॉल हातात किंवा ग्लोव्हमध्ये धरून पळणाऱ्याला शिवावं लागतं. आम्ही रात्री साडेआठला वाचतो तेव्हा नाशिकला सकाळचे सहा वाजलेले असतात, आजी चहा घेत घेत व्हिडिओ कॉलवर ऐकत असते, शाळेत असताना ती खो-खो खेळायची. तिला मी हे समजावत होते तर म्हणाली अगं मग खो-खोच की, शिवल्याशिवाय कसा बाद होईल. लेकीला ते तिथेच पक्कं झालं.

अजून दोन नियम गोष्टींमध्ये फार कामाला येतात. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि फर्स्ट बेस रिकामा असला किंवा दोन आऊट झालेले असले तर बॅटर पळू शकतो, म्हणजे आऊट झालेलं पोर अचानक जिवंत होतं! (छोट्या मुलांच्या डिव्हिजनमध्ये हा नसतो.) आणि पिच काऊंट, ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिच, ९-१० वर्षांच्याला ७५. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. हा नियम २००७ पासून आहे, कोवळे खांदे आणि कोपर जपायला. त्यामुळे नवीन पुस्तकात टीमचा एकमेव चांगला पिचर ऐन वेळी उतरतो आणि जो कधीच टाकत नाही त्याच्या हातात बॉल येतो. जुन्या पुस्तकात पिच मोजण्याचा हा पेच नसतो.

इनफिल्ड फ्लाय वगैरे आलं तर सोडून द्या, गोष्ट तिथे अडत नाही.

पायरी ५: कोण कुठे उभं आहे त्यावर बोट ठेवा

तुमच्या कागदावर आता नऊ जागा लिहा आणि नंबर घाला. १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट, ४ सेकंड, ५ थर्ड, ६ शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला), ७ लेफ्ट फिल्ड, ८ सेंटर, ९ राईट. आता गोष्टीतल्या प्रत्येक पोराचं नाव त्याच्या जागेवर पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीनेच, कारण पुढे जागा बदलतात आणि त्या बदलांतच अर्धी गोष्ट असते.

शॉर्टस्टॉप म्हणजे बहुतेक टीममधला सगळ्यात चपळ. पिचर बऱ्याचदा कोचचाच मुलगा, त्यावरून बाकीच्या आईबापांची कुजबुज. आणि नऊ नंबर, राईट फिल्ड. बहुतेक मुलं उजव्या हाताने खेळतात, त्यांचा बॉल डावीकडे जास्त जातो, म्हणून उजवीकडे लांब त्या पोराला उभं करतात ज्याच्यावर कोचचा भरवसा नाही. गवतात पिवळी फुलं बघत उभं असलेलं पोर म्हणजे हेच. लिटल लीगचा नियम आहे की प्रत्येक मुलाला मॅचमध्ये फिल्डिंगला निदान सहा आऊट होईपर्यंत ठेवायचं आणि एकदा तरी बॅटिंग द्यायची. नियम आहे म्हणून घेतलं आणि हवंय म्हणून घेतलं यातला फरक दहा वर्षांच्या मुलांना बरोबर कळतो. माझ्या लेकीने पहिल्याच पुस्तकात विचारलं, आई याला सहा आऊट झाले की काढणार ना? आणि खरंच सातव्याला काढलं.

पायरी ६: स्कोअर लिहा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे

एक साधी वही घ्या, पुस्तकातली मॅच जशी घडेल तशी लिहीत जा. शॉर्टस्टॉपने सेकंडकडे, त्याने फर्स्टकडे टाकून दोघांना आऊट केलं तर ६-४-३. स्ट्राइकआऊट झाला तर इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसतं बघत राहून तिसरा स्ट्राइक गेला तर तोच के उलटा लिहायचा. ही पद्धत रुजवण्यात सगळ्यात मोठा वाटा हेन्री चॅडविकचा, तो इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि चक्क क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५६ साली क्रिकेट मॅचवरून घरी जाताना होबोकनच्या एलिशियन फिल्ड्सवर त्याने बेसबॉल बघितला आणि त्यातच गुंतला. होबोकन म्हणजे आपल्या जर्सी सिटीच्या शेजारचं, मराठी माणसं रोज तिथून ट्रेन पकडतात.

आता वहीत एक रकाना ई चा, म्हणजे एरर. बेसबॉलच्या स्कोअरबोर्डवर रन आणि हिटच्या शेजारी एरर लिहितात. आपल्याकडे कॅच सुटला तर शिव्या बसतात पण स्कोअरकार्डात सुटलेला कॅच कुठेच नसतो, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे बघणाऱ्याला कळत पण नाही. इथे राईट फिल्डच्या पोराने सोडला तर ई-९, कायमचं, शाईने. अशा कादंबरीत एखादं पोर घरी येऊन जेवत नाही, आईला काही सांगत नाही, ते का हे मला ई-९ स्वतःच्या हाताने लिहिल्यावर कळलं. लेक पेन हातात धरून थांबली होती, म्हणाली लिहायलाच पाहिजे का?

आणि दुसरी गोष्ट त्याच वहीत दिसते. क्रिकेटमध्ये आऊट झालात की पॅड काढून बसायचं, गल्लीत पहिल्या बॉलवर गेलेलं पोर संध्याकाळभर फिल्डिंगच करतं. बेसबॉलमध्ये क्रम संपला की परत पहिल्यापासून सुरू, लिटल लीगची मॅच सहा इनिंगची, प्रत्येक इनिंगला दोन्ही टीमचे तीन-तीन आऊट, म्हणजे ज्याने दुसऱ्या इनिंगला उलटा के घेतला त्याचं नाव चौथ्या नाहीतर पाचव्या इनिंगला परत येतं. आम्ही वहीत बोट ठेवून मोजायचो, अजून चार जणं, अजून तीन, मग आपला. लेखकांना हे मोजणं माहीत असतं आणि ते त्या पोराला बरोबर त्या वेळी प्लेटवर आणतात. वही नसेल तर तुम्हाला ते अचानक आल्यासारखं वाटतं, वही असली की दोन पानं आधीच पोटात गोळा येतो.

एक मॅच लिहिलीत तरी चालेल. सगळं पुस्तक लिहायची गरज नाही.

पायरी ७: मोठ्याने वाचताना

शब्दांचं मराठी करत बसू नका, पिचर पिचरच राहू दे. पण पोरांची बोलणी, डगआऊटमधली चिडवाचिडवी, घरातले संवाद हे अधूनमधून मराठीत म्हणून बघा, आपली मुलं खुदकन हसतात आणि पात्रं जवळची होतात. मॅचच्या प्रकरणात अर्ध्यावर झोपवू नका, वेळ कमी असेल तर त्या दिवशी ते प्रकरण काढूच नका. हरलेल्या मॅचनंतरचं प्रकरण सावकाश वाचा. मर्सी रूलने मॅच संपते तेव्हा तर जास्तच, चार इनिंगनंतर दहा रनचा फरक असला की मॅच तिथेच थांबवतात, आणि गाडीत परतीच्या वाटेवर कुणी काही बोलत नाही असं पान पुढे असतंच. तिथे लगेच काही समजावायला जाऊ नका. मी एकदा गेले, लेकीने पुस्तक मिटलं. आता मी गप्प बसते आणि तीच बोलते, बरेचदा शाळेतलं काहीतरी निघतं.

जुनं पुस्तक असेल तर टीममध्ये एकही मुलगी नाही हे मुलींच्या लक्षात येतंच. तेव्हा होबोकनचीच मारिया पेपे सांगा. १९७२ साली १२ वर्षांची ही मुलगी तीन मॅच पिचिंग करून गेली आणि मग वरून दबाव आला की मुलगी खेळली तर गावच्या लीगची मान्यता काढू. केस झाली, निकाल मुलींच्या बाजूने लागला, १९७४ पासून मुलींना दार उघडलं, पण तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं. आणि २०१४ मध्ये मोने डेव्हिस नावाच्या १३ वर्षांच्या मुलीने लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये समोरच्या टीमला एकही रन करू दिला नाही, असं करणारी पहिली मुलगी.

वंशभेदाचा विषय आला तर १९५५ चा साऊथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनचा कॅनन स्ट्रीट संघ सांगा, सगळी कृष्णवर्णीय मुलं, समोरच्या गोऱ्या संघांनी खेळायलाच नकार दिला म्हणून हे न खेळता विजेते ठरले, आणि मग न खेळता जिंकलात म्हणून विल्यम्सपोर्टच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळू दिलं नाही. पाहुणे म्हणून नेलं आणि प्रेक्षकांत बसवलं. लोक ओरडत होते, खेळू द्या त्यांना. हे सांगताना माझा आवाज दर वेळी बदलतो.

पायरी ८: एक खरी मॅच बघा

अमेरिकेत असाल तर पुस्तक संपायच्या आधी शनिवारी सकाळी गावच्या मैदानावर जा, तिकीट नसतं, घडीची खुर्ची आणि पाणी न्या. रविवारच्या मॅचला आमची मराठी शाळा आडवी येते म्हणून आम्ही शनिवार धरला. होम प्लेटच्या मागच्या जाळीजवळ बसा, स्ट्राइक झोन तिथूनच दिसतो. वही न्या. मुलाला राईट फिल्डला कोण आहे ते पहिल्यांदा बघायला सांगा. मुलांची नावं घेऊन ओरडू नका, अंपायरला काही बोलू नका, तो बऱ्याचदा शेजारचाच कुणीतरी बाबा असतो. भारतात असाल तर लिटल लीग वर्ल्ड सिरीजच्या मॅचचे व्हिडिओ नेटवर मिळतात, ती ऑगस्टमध्ये असते.

आणि मॅच संपली की लगेच उठू नका. दोन्ही टीम ओळीने समोरासमोर चालत जातात, प्रत्येक पोर प्रत्येकाच्या हाताला हात लावत गुड गेम, गुड गेम म्हणत पुढे सरकतं, हरलेली पण. बऱ्याच पुस्तकांत शेवटाकडे ही ओळ येते. आम्ही बघायला गेलो त्या दिवशी नऊ नंबरचा छोटा मुलगा ओळीत सगळ्यात शेवटी होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली, आणि समोरच्या टीमच्या पिचरने त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. लेकीने वहीत ई-९ च्या शेजारी काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.